दुसऱ्याच्या विहिरीवरचा मळा

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास नारायणगावजवळच्या खोडदला जत्रा भरते. देवाची नाही, विज्ञानाची. एरवी कुंपणाआड असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण त्या दिवसांत सगळ्यांना खुली होते. एसट्या भरभरून शाळकरी पोरं येतात, ४५ मीटर व्यासाच्या अँटेनाखाली उभी राहून माना मोडेस्तोवर वर बघतात आणि मग मांडवात मांडलेले प्रकल्प पाहत हिंडतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका पोस्टरपाशी मी रेंगाळलो होतो. कॉलेजातल्या एका मुलीनं भुजंगधारी तारकासमूहातल्या दीर्घिकासमूहाचं (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखं ताऱ्यांचं विश्व) चित्र काढलं होतं. गुलाबी रंगात क्ष-किरण, निळ्या रंगात रेडिओ लहरी. निळा भाग आपल्या जीएमआरटीनं टिपलेला, गुलाबी भाग अमेरिका आणि युरोपच्या उपग्रहांनी. शेजारी टोपीवाले एक बाबा उभे होते, बहुधा कांदा काढणी अर्धी टाकून नातवाबरोबर आलेले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी निळं आपलं, आन् गुलाबी त्यांचं. उद्या त्यांनी मोटार बंद केली तर?"

मुलगी हसली. मीही हसलो. मार्च २०२४ मध्ये मोटार बंद करायची भाषा खरोखरच सुरू झाली, तेव्हा मला ते बाबा आठवले.

झालं असं, की अमेरिकी सरकारच्या २०२५च्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात नासाच्या 'चंद्रा' या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीचा वार्षिक खर्च ६ कोटी ८३ लाख डॉलरवरून ४ कोटी ११ लाखांवर आणि त्याच्या पुढच्या वर्षी २ कोटी ६६ लाखांवर आणायचं सुचवलं होतं. कागदावर याला काटकसर म्हणतात. दुर्बीण चालवणाऱ्यांचं म्हणणं होतं की एवढ्या पैशात ती चालत नाही, फक्त आवरता येते. शास्त्रज्ञांनी आणि काही खासदारांनी आवाज उठवला, आणि ती कात्री ठरल्याप्रमाणे चालली नाही. पण पुढच्याच वर्षीच्या प्रस्तावात नासाच्या सगळ्या विज्ञानखात्याचाच निधी जवळजवळ निम्म्यावर आणायची सूचना आली. म्हणजे प्रश्न मिटलेला नाही, पुढं ढकलला गेलाय.

माझं म्हणणं दोन भागांत आहे. पहिला भाग सोपा आहे: चंद्रा बंद करणं चूक ठरेल, आणि का ते दीर्घिकासमूहांच्या तप्त वायूइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही. दुसरा भाग आपल्याला टोचणारा आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी तो वायू. रात्रीच्या आकाशाची सुंदर छायाचित्रं पाहून आपला समज होतो की दीर्घिकासमूह म्हणजे शेकडो-हजारो दीर्घिकांचा थवा. प्रत्यक्षात दीर्घिका म्हणजे त्यातली नुसती फोडणी. समूहाच्या एकूण वस्तुमानापैकी सुमारे ८५ टक्के कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य असतं, आणि उरलेल्या साध्या द्रव्याचा बहुतांश भाग ताऱ्यांमध्ये नसून दीर्घिकांच्या मधल्या 'रिकाम्या' जागेत वायूच्या रूपात पसरलेला असतो. सगळे तारे एका पारड्यात टाकले तर हा वायू त्यांच्या कितीतरी पट भरतो. तो इतका विरळ, की एका घनमीटरमध्ये हजारेक कण. प्रयोगशाळेत काढलेली उत्तमातली उत्तम निर्वात पोकळीसुद्धा याच्यापुढं गर्दीची. आणि इतका तप्त, की तापमान एक कोटी ते दहा कोटी अंश. एवढ्या तापमानाची वस्तू डोळ्यांना दिसेल असा प्रकाश फारसा देतच नाही. ती क्ष-किरणांत उजळते. आणि क्ष-किरण आपल्या वातावरणात शोषले जातात (एरवी आपण जगलोच नसतो), त्यामुळे हे सगळं बघायचं तर वर जावं लागतं. इथं पर्यायच नाही. हिमालयाच्या शिखरावर दुर्बीण बसवली तरी हा वायू दिसणार नाही.

ही गोष्ट कळायलाही उपग्रह लागला. केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या तळावरून १२ डिसेंबर १९७० रोजी, म्हणजे केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, एक छोटा उपग्रह गेला. त्याचं नावच 'उहुरू' ठेवलं, स्वाहिलीत स्वातंत्र्य. त्याच्या नोंदींमधून दिसलं की समूहांमधून येणारे क्ष-किरण एखाद्या ठिपक्यातून नाही, तर अख्ख्या समूहभर पसरलेल्या कशातून तरी येतायत. ते 'कशातून तरी' म्हणजे तप्त वायू, हे पक्कं व्हायला आणखी काही वर्षं गेली. ब्रिटनच्या एरियल-५ उपग्रहाला १९७६ मध्ये ययाती तारकासमूहातल्या समूहाच्या वर्णपटात लोखंडाची खूण सापडली. लोखंड ताऱ्यांच्या पोटात शिजतं. ते दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत सापडलं, म्हणजे कधीकाळी फुटलेल्या ताऱ्यांची राख तिथवर उडून आली होती.

चंद्रा २३ जुलै १९९९ रोजी कोलंबिया यानातून वर गेली. तिच्या आरशांच्या चार जोड्या एकात एक बसवलेल्या आहेत, आणि अर्ध्या कोनीय सेकंदाइतका (कोनीय सेकंद म्हणजे एका अंशाचा ३,६००वा भाग) बारकावा टिपणारी क्ष-किरण दुर्बीण तिच्याआधी नव्हती आणि आजही दुसरी नाही. हे वाक्य मुद्दाम पुन्हा वाचा. पंचवीस वर्षं उलटून गेल्यावरही तिच्या तोडीची नजर कुणाकडे नाही, आणि तशी दुसरी वर जायला निदान पुढचं दशक उजाडेल.

आता 'जुनी झाली' या मुद्द्याकडे. त्यात तथ्य नाही असं नाही. तिच्यावरचं उष्णतारोधक आवरण झिजलंय, त्यामुळे कुठली दिशा किती वेळ न्याहाळायची याचं गणित दर आठवड्याला मांडावं लागतं. तिच्या कॅमेऱ्यावर हळूहळू साका चढलाय आणि कमी ऊर्जेचे किरण त्यातून पूर्वीइतके येत नाहीत. मान्य. पण समूहांच्या अभ्यासात दुर्बिणीचं वय हे ट्रॅक्टरच्या वयासारखं मोजत नाहीत. इथं क्ष-किरण एकेक कण मोजून गोळा करायचे असतात. आज पन्नास तास बघितलं, चार वर्षांनी आणखी शंभर तास, मग पुन्हा काही. ही सगळी निरीक्षणं एकावर एक रचली की अंधुक काहीतरी उमटतं. जुनं निरीक्षण नव्याखाली पायासारखं राहतं. म्हणून चंद्राचा पंचविसाव्या वर्षातला तास पहिल्या वर्षातल्या तासापेक्षा महागडा नसतो, उलट मोलाचा असतो.

ययातीचंच बघा. हा समूह आपल्यापासून सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर, आणि क्ष-किरणांत आकाशातला सगळ्यात तेजस्वी समूह. अशा समूहांच्या गाभ्यातला वायू क्ष-किरण फेकत फेकत थंड व्हायला हवा, आणि थंड झालेल्या वायूतून दरवर्षी शेकडो सूर्यांइतके तारे जन्मायला हवेत. जन्मत नाहीत. याचा अर्थ कुणीतरी चूल पेटती ठेवलीय. कोण, ते चंद्राच्या चित्रांनी दाखवलं: मधल्या दीर्घिकेतलं कृष्णविवर वायूत मोठमोठे बुडबुडे फुगवतं आणि त्यांच्या धक्क्यानं सगळा वायू हलत राहतो. केंब्रिजचे अँड्र्यू फेबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ५३ तासांच्या निरीक्षणातून या वायूतले तरंग दाखवले. ध्वनिलहरीच त्या, एका हेलकाव्याला सुमारे ९६ लाख वर्षं. मध्य सप्तकाच्या ५७ सप्तकं खालचा कोमल स्वर. आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एवढ्या खर्जात कोण गातंय ते तरी सांगा." कृष्णविवर, म्हटलं. ते गप्प बसले. मला वाटतं त्यांना पटलं.

आणि भुजंगधारीतल्या त्या समूहाची गोष्ट तर जुन्या निरीक्षणांच्या बाजूनं कुठल्याही वकिलापेक्षा चांगलं बोलते. चंद्राच्या चित्रात वायूला एक वळणदार कडा आहे, असं २०१६ मध्ये एका गटाच्या लक्षात आलं होतं. बुडबुड्याची भिंत असावी का? त्यांनी हिशेब केला आणि सोडून दिलं, कारण एवढी पोकळी खणायला लागणारी ऊर्जा त्यांना अशक्य कोटीतली वाटली. पुढं सिमोना जिआचिंतुच्ची यांच्या गटानं चंद्रा आणि युरोपच्या एक्सएमएम-न्यूटनच्या नोंदींवर ऑस्ट्रेलियातल्या आणि आपल्या खोडदच्या दुर्बिणीचे रेडिओ नकाशे ठेवून पाहिले. पोकळी रेडिओ लहरींनी गच्च भरलेली निघाली. कडा भिंतच होती. एका रांगेत १५ आकाशगंगा मावतील एवढा खड्डा, आणि तोवर ठाऊक असलेल्या सगळ्यात मोठ्या स्फोटाच्या पाचपट ऊर्जा. फेब्रुवारी २०२०मध्ये हे जगाला कळलं. क्ष-किरणांनी शंका दिली, रेडिओनं साक्ष दिली. दोघांपैकी एक नसता तर ही गोष्ट सांगायला कुणी उरलं नसतं.

"जुनी बंद करा, पैसे नवीला द्या" हा युक्तिवाद ऐकायला शहाणपणाचा वाटतो. या क्षेत्राचा इतिहास त्याला उलट साक्ष देतो. जपाननं वायूचा वेग थेट मोजू शकणारं उपकरण उडवायचा ध्यास घेतला. २००० साली रॉकेटच फसलं. २००५ मध्ये सुझाकू वर गेला, पण उपकरण थंड ठेवणारा हेलियम काही आठवड्यांत उडून गेला. तिसऱ्यांदा, १७ फेब्रुवारी २०१६ला, हितोमी गेला. त्यानं ययातीकडे डोळा लावला आणि वायूच्या खळबळीचा वेग मोजला: सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर, अपेक्षेपेक्षा शांत. २६ मार्चला, जेमतेम ३८ दिवसांत, तो उपग्रह स्वतःची दिशा चुकीची समजून गरगरू लागला आणि त्याचे तुकडे झाले. चौथ्यांदा, सप्टेंबर २०२३ मध्ये, एक्सरिझम गेला आणि तो उत्तम चालतोय. तरी त्याच्या उपकरणापुढची एक झडप उघडलीच नाही, त्यामुळे कमी ऊर्जेचे किरण आत येत नाहीत. शिवाय त्याच्या त्या उपकरणात चित्राचे कण फक्त ३६. वेग मोजायला तो बेजोड, पण बारीक कडा बघायला चंद्राच लागते.

आणि राजकारण? जर्मनीची इरोसिटा ही दुर्बीण रशियाच्या यानावर बसून जुलै २०१९ मध्ये गेली. अख्ख्या आकाशाच्या आठ फेऱ्या करायच्या होत्या. चार झाल्या. मग रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये घुसल्या आणि २६ फेब्रुवारी २०२२ला जर्मनांनी तिला झोपवलं. नंतर रशियन अवकाश संस्थेच्या प्रमुखांनी जर्मनांना न विचारता ती सुरू करायची घोषणा केली, तेव्हा विरोध करणाऱ्यांत त्या मोहिमेचे रशियन वैज्ञानिक प्रमुख रशीद सुन्यायेव हेच होते. दुसऱ्याचं यंत्र त्याच्या परवानगीशिवाय हाताळायचं नसतं, एवढी जाण युद्धाच्या धुरातही टिकली, हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं एकमेव चांगलं वाटतं. पहिल्या एका फेरीतून आणि अर्ध्याच आकाशातून १२,२४७ समूहांची यादी तयार झाली होती. उरलेल्या फेऱ्यांचं काय, ते एका उपग्रहाच्या हातात नाही.

तर, चालत्या दुर्बिणीला 'येणारी' दुर्बीण हा पर्याय नसतो. पेरलेलं उगवेलच असं नाही, म्हणून उभं पीक कुणी नांगरत नाही.

इथवर माझ्याशी बहुतेक वाचक सहमत होतील, कारण यात आपल्या खिशाला हात लागत नाही. आता दुसरा भाग.

चंद्राचं नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून ठेवलंय. लाहोरला जन्मलेले, मद्रासला शिकलेले, शिकागोत आयुष्य काढलेले, १९८३चं नोबेल मिळवलेले. नावामुळे आपल्याला ती दुर्बीण घरची वाटते. आपल्याकडच्या मराठी-इंग्रजी वर्तमानपत्रांत कात्रीची बातमी आली तेव्हा सूर असा होता, जणू आपल्याच विहिरीवर कुणी टाच आणली. पण विहीर त्यांची आहे. वीजबिल तेच भरतात. वर्षाचे ६ कोटी ८३ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं साडेपाचशे कोटी रुपयांहून जास्त. आपला ॲस्ट्रोसॅट हा अख्खा उपग्रह सुमारे १८० कोटींत झाला होता. म्हणजे चंद्रा एक वर्ष चालवण्याच्या खर्चात तीन ॲस्ट्रोसॅट. पगारांचा नि रुपया-डॉलरचा फरक धरला तरी या आकड्याकडे बघून मला अमेरिकेच्या हिशेबनिसाचा पूर्वीइतका राग येत नाही.

आणि ते आपल्याला पाणी किती उदारपणे देतात तेही बघा. चंद्रा दुर्बिणीवर वेळ मागायला जगातला कुणीही अर्ज करू शकतो. निरीक्षण झाल्यावर फार तर वर्षभरात सगळ्या नोंदी सगळ्यांना मोकळ्या होतात, एक पैसा न घेता. पुण्यातल्या, मुंबईतल्या, कोल्हापूरच्या, जळगावच्या संशोधकांचे शोधनिबंध या पाटाच्या पाण्यावर उभे आहेत. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. सामाईक पाणी घेण्यात कमीपणा नसतो. कमीपणा असतो तो पाळी घ्यायची पण विहिरीचा गाळ काढायला कधी उतरायचं नाही, यात.

आपल्याला उतरता येत नाही, असं मुळीच नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी गेलेला ॲस्ट्रोसॅट पाच वर्षांसाठी बनवला होता, दहा वर्षं पुरला. त्यावरच्या मृदू क्ष-किरण दुर्बिणीचे सोन्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे आरसे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाले. कॅमेरा लेस्टर विद्यापीठातून आला. आरसे करायचे हात आपल्याकडे आहेत, हे त्यातून सिद्ध झालं. फक्त त्या दुर्बिणीची नजर जाड होती: दोन कोनीय मिनिटांच्या (म्हणजे १२० कोनीय सेकंदांच्या) आसपास, म्हणजे चंद्राच्या शेकडो पट ढोबळ. तेजस्वी ताऱ्यांचा, कृष्णविवरांचा अभ्यास तिनं छान केला, पण समूहांच्या वायूतल्या कडा आणि पोकळ्या हे तिचं काम नव्हतं. १ जानेवारी २०२४ला गेलेला एक्स्पोसॅट क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजतो. तोही तेजस्वी वस्तूंसाठी. दीर्घिकासमूहांसाठी बनवलेला एकही भारतीय उपग्रह आजवर वर गेलेला नाही.

दुसऱ्या बाजूला रेडिओचा भाग आपण सढळ हातानं पुढं नेतोय. जीएमआरटीचा कायापालट झाला. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर ॲरेत भारत भागीदार आहे आणि त्यासाठी केंद्र सरकारनं १,२५० कोटी रुपये मंजूर केलेत. आयुका आणि आयसर या पुण्यातल्या संस्थांमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मीन राशीच्या दिशेला चारशे कोटी प्रकाशवर्षांवरचा, ४३ समूहांचा 'सरस्वती' हा महासमूह शोधला. नाव आपलं, शोधणारे आपले, आकाशाचे नकाशे मात्र अमेरिकेतल्या सर्वेक्षणाचे. भुजंगधारीच्या गोष्टीवरून दिसतं तसं समूहांच्या अभ्यासात रेडिओ आणि क्ष-किरण ही बैलजोडी आहे. आपण एका बैलावर १,२५० कोटी लावतोय आणि दुसरा शेजाऱ्याकडून मागून आणतोय, तोही शेजारी विकायच्या विचारात असताना.

मग भारतीय चंद्रा बांधायची का? नाही. ती हौस परवडणार नाही, आणि तसले आरसे घासायला आपल्याला वीस वर्षं लागतील. पण समूहांचं एक काम असं आहे, जे चंद्राला नीट जमत नाही आणि आपल्याला जमू शकतं. समूहाच्या कडेचा, अगदी बाहेरचा वायू फार फिका असतो. तिथं बाहेरून नवा वायू येऊन आपटतो आणि तापतो, म्हणजे समूह वाढतो तो तिथं. हा फिका उजेड बघायला बारीक नजरेपेक्षा शांत पार्श्वभूमी लागते. पृथ्वीपासून लांब फिरणाऱ्या चंद्रा दुर्बिणीवर वैश्विक कणांचा मारा सतत चालू असतो. कमी उंचीवर फिरणाऱ्या सुझाकूला त्या मानानं शांतता होती, आणि ययातीचा वायू पार कडेपर्यंत मोजण्याचं काम त्याच जपानी उपग्रहानं केलं, तेही त्याचं मुख्य उपकरण मेल्यावर. विषुववृत्ताला लागून असलेली कमी उंचीची कक्षा त्याहून शांत, कारण दक्षिण अटलांटिकवरचा कणांचा दाट पट्टा तिथून बहुतांशी टळतो. ॲस्ट्रोसॅट अशाच कक्षेत आहे: सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी फक्त ६ अंशांचा कोन. श्रीहरिकोटा विषुववृत्ताच्या जवळ असल्यानं अशी कक्षा गाठणं आपल्याला सोपं जातं. रुंद डोळ्याची, अर्ध्या-पाऊण कोनीय मिनिटाची, शांत कक्षेतली एक मध्यम दुर्बीण, जी दुसरं काही न करता वर्षानुवर्षं समूहांच्या कडा बघत बसेल. तिच्या नोंदी पहिल्या दिवसापासून जगाला मोकळ्या ठेवाव्यात. आजवर घेतलेल्या पाण्याची तेवढी परतफेड व्हावी.

"पोटाला नाही आणि आकाशात दुर्बिणी" हा आक्षेप येणारच. तो मी गंभीरपणे घेतो, कारण तो करणारे बहुधा माझ्याच गावचे असतात. पण तो आक्षेप घेऊनही आपण मंगळावर गेलो, चंद्रावर उतरलो, माणूस पाठवायची तयारी करतोय. झेंडा फडकतो तिथं पैसा निघतो. दीर्घिकासमूहाच्या कडेवर झेंडा लावता येत नाही, त्यामुळे कुणी थेट प्रक्षेपण बघत रात्र जागणार नाही. खरी अडचण गरिबीची नाही, ही आहे. आणि अमेरिकेतही तीच आहे: चंद्रा दुर्बिणीची छायाचित्रं चंद्रावरच्या पावलांइतकी मतं आणत नाहीत.

पोस्टर काढणारी ती मुलगी आता एमएस्सीला आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, ययातीच्या नोंदी कशा उतरवायच्या म्हणून. तिनं निवडलेलं निरीक्षण २००२ सालचं होतं, तिच्या जन्माच्या आधीचं. फाइल मोठी, गावातलं नेट रात्री जरा बरं चालतं. त्यांच्याकडे त्या आठवड्यात थ्री-फेज रात्रीची होती. दोन वाजता वडील मोटार चालू करायला मळ्यात गेले, तेव्हा निम्मी फाइल उतरली होती, असं ती सांगत होती.